झूम करा ना जरा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधल्या एका सोसायटीच्या ऑफिसात मी डीव्हीआरसमोर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यासमोर, बसलो होतो. मागे सेक्रेटरी, वॉचमन, सोसायटीतली आठ-दहा माणसं आणि खुर्चीत बसलेल्या एक काकू. आदल्या रात्री पावणेनऊच्या सुमाराला देवळातून परत येताना बाइकवरच्या दोघांनी त्यांचं मंगळसूत्र खेचलं होतं. मानेवर लाल वळ उठला होता आणि त्या सारखा त्यावरून हात फिरवत होत्या.

फुटेज सापडलं. बाइक आली, मागच्याने हात घातला, बाइक गेली. सगळं मिळून चार सेकंद. मी पॉज केलं.

"हां, तिथेच थांब बाळा," काकू म्हणाल्या. "आता ती नंबर प्लेट झूम कर."

मी झूम केलं. पांढरा चौकोन मोठा झाला.

"अजून कर."

पांढरा चौकोन अजून मोठा झाला.

"अरे, आता क्लिअर कर ना. ते बटण दाबून करतात ना, तसं."

मी सोळा वर्षं मुंबईत सीसीटीव्ही बसवतोय. लालबागच्या चाळीत, पवईच्या टॉवरमध्ये, किराणा दुकानात, शाळेत. "तसलं बटण नसतं" हे वाक्य मला दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ते ऐकताना समोरच्याचा चेहरा कसा उतरतो ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी काकूंचा मुलगा माझ्यावर भडकला. मग एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे, पैसे कशाचे घेता, म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. आईच्या गळ्यावरचा वळ बघून कुणीही तसंच बोललं असतं. पण त्याला खरंच वाटत होतं की बटण आहे आणि मी ते दाबत नाहीये. हे त्याच्या डोक्यात कुणी घातलं? दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मालिकेत एक हुशार पोरगा कीबोर्ड बडवतो, टक टक टक, आणि धूसर फोटोतून गुन्हेगाराच्या भुवईवरचा तीळ दिसायला लागतो. तिथून आलं हे.

त्या रात्री खरं काय झालं होतं ते सांगतो. त्या कॅमेऱ्याचं चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं. बाइक होती साधारण १५ मीटरवर. एवढ्या अंतरावर ३.६ मिलिमीटरच्या लेन्समध्ये जवळपास २५ मीटर रुंदीचा भाग येतो, म्हणजे मीटरला पाऊणशेच्या आसपास ठिपके. बाइकची मागची प्लेट २० सेंटीमीटर रुंद, तिच्या वाट्याला आले पंधरा ठिपके. त्या पंधरा ठिपक्यांत अख्खा नंबर मावायचा. त्यातून रात्र. उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, सेकंदाचा पंचविसावा भाग म्हणा. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बाइक तेवढ्यात ४४ सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे प्लेटच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त. अक्षरांवर अक्षरं सांडतात. वर प्लेट चमकणारी, कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे तिच्यावर पडले की ती पांढरीफटक. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर मीटरला २५० ठिपके लागतात असं आमच्या धंद्यातलं मानक आहे. जे कॅमेऱ्यात आलंच नाही, ते मागाहून आणायचं कुठून?

आता लोक एआयचं नाव घेतात. एआयने होतं ना क्लिअर! होतं, पण जे तिथे नव्हतं तेही एआय स्वतःच्या मनाने भरतं. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशा एका सॉफ्टवेअरला कुणीतरी बराक ओबामांचा मुद्दाम अगदी बारीक केलेला फोटो दिला. त्यातून चक्क एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ, स्पष्ट चेहरा बाहेर आला. तसा चेहरा चौकीत छापून लावला आणि त्या चेहऱ्याचा एखादा पोरगा भांडुपला वडापाव खात उभा असला, तर त्याचं काय होईल याचा विचार करून बघा.

मला कथा-कादंबऱ्यांचं वावडं नाही. २३०० सालातलं यान दाखवा, बोलणारा रोबो दाखवा, मी पोरांना घेऊन तिकीट काढून येईन. ते स्वप्न आहे हे बघणाऱ्यालाही कळतं. माझं भांडण आजच्या मुंबईतली चौकी, आजचा फोन, आजचा कॅमेरा म्हणून जे दाखवतात त्याच्याशी आहे. बघणारा ते खरं धरून चालतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी गोरेगावच्या फिल्मसिटीत एका मालिकेसाठी मी कंट्रोल रूमचा सेट लावून दिला होता. चोवीस मॉनिटर, काळ्या भिंती, निळे दिवे. मधल्या मोठ्या स्क्रीनवर मुंबईचा नकाशा आणि त्यावर लुकलुकणारा लाल ठिपका. सीन असा की अपहरणकर्त्याचा फोन येतो, अधिकारी खूण करतो, बोलत ठेवा, बोलत ठेवा, आणि साठ सेकंद झाले की ठिपका थेट एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबतो. मी असिस्टंट डायरेक्टरला बाजूला घेऊन सांगितलं की नंबर कळायला साठ सेकंद लागत नाहीत. फोन कुणी कुणाला केला याची नोंद कंपनीच्या यंत्रात आपोआप होते आणि ती दोन वर्षं जपून ठेवायचं बंधन आहे. बोलत ठेवायची भानगड जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या काळातली, तेव्हा माणूस रॅकमधून रिलेमागून रिले तपासत मागे जायचा. आणि मोबाइलच्या टॉवरवरून मजला कळत नाही. कुठल्या टॉवरच्या कुठल्या बाजूला फोन आहे तेवढं कळतं, आणि मुंबईत तेवढ्या जागेत शेकडो घरं असतात. तो भला माणूस होता, ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, दादा, पब्लिकला काय फरक पडतो.

फरक काय पडतो ते मला २०२५ च्या फेब्रुवारीत कळलं.

माझे मामा मुलुंडला राहतात. वय एकाहत्तर, बेस्टमधून निवृत्त, हिशोबाला पक्के. मामी गेल्यापासून एकटे असतात. एका सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस. तुमच्या आधारवर काढलेल्या सिमवरून गुन्हा घडलाय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. मामा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या फोनसमोर बसून होते. रात्री फोन चार्जरला लावून उशीला टेकवून ठेवला आणि त्याच्याकडे तोंड करून झोपले. सकाळी बँकेत जाऊन एफडी मोडली. चार लाख गेले.

मी पोचलो तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, नव्वद हजार पुढच्या खात्यात अडवता आले. बाकीचे गेले.

मला एकच विचारायचं होतं. मामा, मी वीस मिनिटांवर राहतो, मला फोन का नाही केला?

"अरे, त्यांना दिसत होतं ना सगळं," ते म्हणाले. "मागे केवढी मोठी स्क्रीन होती. मुंबईचा नकाशा, त्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. म्हणाले, हे बघा, हे तुमचं घर. मी खिडकीकडे गेलो तरी त्यांना कळलं असतं."

लाल ठिपका. लुकलुकणारा. मी खाली मान घालून तसाच बसून राहिलो, कारण तो ठिपका मी स्वतः गोरेगावला लावला होता.

त्या चोरांना तंत्रज्ञान फारसं येत असण्याची गरजच नाही. त्यांनी मालिकेतला सेट उभा केला, निळे दिवे लावले, कुठून तरी मिळवलेला पत्ता वाचून दाखवला. पुढचं काम मामांच्या डोक्यात आधीच झालेलं होतं. बटण दाबलं की बँक, आधार, घर, माणूस सगळं पडद्यावर येतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं जेवणाच्या ताटावर बसून बघितलंय. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी स्पष्ट सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही व्यवस्था कायद्यात नाही. मामांनी ते रेडिओवर ऐकलं होतं! पण एका सकाळी कानावर पडलेलं आणि वीस वर्षं डोळ्यांनी बघितलेलं, यातलं भीतीच्या वेळी काय वर येणार?

बनवणारे म्हणतात, खरं दाखवलं तर कंटाळवाणं होईल. मला हे पटत नाही. १९८३ साली 'वॉरगेम्स' नावाचा सिनेमा आला. त्याच्या लेखकांनी लिहिण्याआधी विलिस वेअर नावाच्या संगणक सुरक्षेतल्या जाणत्या माणसाला जाऊन विचारलं होतं की बाहेरचा कुणी लष्कराच्या संगणकात शिरू शकेल का. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी तो सिनेमा बघितला आणि सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? चौकशी झाली, धोका खरा निघाला, आणि १९८४ मध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षेबद्दल अध्यक्षांचा आदेश निघाला. सिनेमात अतिशयोक्ती होतीच, पण मूळ प्रश्न जाणकाराला विचारून घेतलेला होता. तोही गाजलेला, लोकांनी गर्दी करून बघितलेला सिनेमा. आपल्याकडे तर फिल्मसिटीतून कलिन्याची सरकारी फॉरेन्सिक लॅब एका रिक्षाच्या अंतरावर आहे. जाऊन विचारायला काय हरकत आहे?

आणि थरार बघायचाच असेल तर काकूंच्या मंगळसूत्राचं पुढे काय झालं ते ऐका.

दुपारी चौकीतून एक हवालदार आले. पन्नाशीचे, खिशात पेन ड्राइव्ह आणि दोनशे पानी वही. त्यांनी नंबर प्लेटचं विचारलंच नाही. आधी स्वतःच्या मोबाइलमधली वेळ बघितली, मग डीव्हीआरमधली. डीव्हीआर अकरा मिनिटं पुढे होता. वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, डिस्क किती दिवसांची आहे? एक टीबी, आठ कॅमेरे, म्हणजे आठवड्याच्या आत जुनं पुसलं जाणार. "मग इथून निघालं की सगळीकडे आजच जायला पाहिजे," असं स्वतःशीच बोलले.

मी त्यांच्याबरोबर गेलो. कोपऱ्यावरचं मेडिकल. तिथला कॅमेरा चार मिनिटं मागे. बाइक दिसली, डावीकडे वळली. टागोर नगरचं सलून, कॅमेरा बंद. त्याच्या समोरची डेअरी, चालू. बाइकचा मागचा दिवा फुटलेला आहे हे डेअरीत कळलं, आणि तिथून पुढे आम्ही बाइक शोधायची सोडून तो फुटका दिवा शोधत गेलो. हायवे, सर्व्हिस रोड, पेट्रोल पंप. प्रत्येक ठिकाणी मालकाला विनवायचं, पासवर्ड शोधायचा, घड्याळ जुळवायचं. दोन दुकानांत पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. रात्री साडेदहाला, भांडुपला, सतराव्या कॅमेऱ्यात, वडापावच्या गाडीसमोर फुटक्या दिव्याची बाइक उभी होती. तीन मीटरवर, ट्यूबलाइटच्या उजेडात. प्लेटला सत्तरच्या वर ठिपके. हवालदारांनी नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर लगेच बदलणारा तिचा ठसा, आणि सह्या. मी सही केली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ते हवालदार तिथूनच दुसऱ्या एका केसवर गेले.

हे सगळं मालिकेत दाखवा. तो फुटका दिवा दाखवा, ती अकरा मिनिटं दाखवा. कुणाला असा सीन लिहायचा असेल तर मला मेसेज करा, मी सुट्टीच्या दिवशी येऊन बसेन, एक पैसा घेणार नाही. फक्त लाल ठिपक्याचा सेट आता मी लावणार नाही.

काकूंचा फोन मागच्या महिन्यात आला होता. कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल परत मिळाला. साखळी वितळवून झाली होती. दोन वाट्या आणि थोडे काळे मणी मिळाले, ते त्यांनी नव्या दोऱ्यात ओवून घेतलेत.