‘नकली पाणबुडी’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

के-७७ या जुन्या सोव्हिएत पाणबुडीवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “सिनेमाचा नकली सेट बघून भारावलात. के-१९ अणुपाणबुडी होती, ही डिझेलवरची. फोटो अंधुक, लेख पाल्हाळिक. आपल्या विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी पाहिलीय का कधी? पुन्हा एकदा नीट बघून या, मग लिहा.”

आधी चूक कबूल करतो. ओघात मी “के-१९ च्या पोटात शिरलो” असं लिहून गेलो. सिनेमात के-१९ चं सोंग घेतलेली के-७७, असं हवं होतं. दुरुस्त केलंय. खऱ्या के-१९ वरचा १९६१ चा तो अणुभट्टीचा अपघात मलाही ठाऊक आहे, शिकवणी नको.

पण “भारावलात”? जणू जत्रेतला पाळणा पाहून हरखलेलं पोरच मी! अहो, माझे वडील मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षं फिटर होते. त्यांच्या कपड्यांचा डिझेल-ग्रीजचा वास घेतच वाढलो. २००६ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला त्या बोटीत उतरलो, तेव्हा पहिल्यांदा नाकात शिरला तो हाच वास. प्लायवूडला तो येत नाही.

आणि नकली म्हणजे नेमकं काय नकली? १९६५ च्या सुमाराची सोव्हिएत नौदलाची बोट. चार क्षेपणास्त्रं वाहायची, ती डागायला पाण्यावर यावं लागायचं. पुढे हेलसिंकीत तिचं उपाहारगृह झालं. मग ‘के-१९’ या २००२ च्या सिनेमासाठी हॅलिफॅक्सला नेऊन तिला नटवली. वरून मुखवटा चढवला म्हणून आतलं पोलाद पुठ्ठ्याचं होतं का? एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची ती गोल दारं : आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेला देह. तिसऱ्या दाराला माझी नडगी सोलली. तिथेच एका झडपेच्या चाकाचा रंग हात लागून लागून गेला होता, खालचा धातू चकाकत होता. तो काय सिनेमातल्या हॅरिसन फोर्डने शूटिंगपुरता घासला?

कुरसुरा पाहिलीय. दोनदा. फोटोंचं नंतर बघू.

राहिलं “पुन्हा नीट बघून या”. एप्रिल २००७ च्या वादळात के-७७ धक्क्यालाच बुडाली. २००८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या नि नौदलाच्या डायव्हर्सनी वर काढली, आणि नंतर ती भंगारात गेली. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात हेच लिहिलंय. पाल्हाळात तिथवर पोचला नसाल.