अपठित कविता: साचा आधी की वाचन आधी?

नमस्कार सर,

तुमचे दोन आक्षेप आहेत. पहिला, परीक्षेत अपठित म्हणजे आधी न वाचलेल्या कवितेच्या प्रश्नात पहिली दहा मिनिटं अलंकाराचं नावही काढू नका, या माझ्या सल्ल्याने मुलांचे हक्काचे गुण जातील. दुसरा, घरी कोंकणी बोलणाऱ्या तुमच्या मुलांची मराठी शब्दसंपत्ती तोकडी, म्हणून त्यांना उत्तराचा तयार, पाठ करायचा साचाच हवा.

पहिल्यासाठी या चार ओळी खास रचल्या आहेत:

पहिल्या सरीने गळले छप्पर,
आजी मांडते खाली भांडी;
एक तांब्या स्वतः भरून
ठेवते अजून दारापाशी.

साचा पाठ केलेला विद्यार्थी इथे उपमा शोधतो, ती नाही. रूपक नाही, चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं दाखवणं) नाही, धड यमकही नाही. मग तो 'कवीने पावसाचे सुंदर वर्णन केले आहे' असं ठोकून देतो, कारण पाऊस म्हटला की त्याला मिरग (मृग नक्षत्राचा पहिला पाऊस), सांजाव (गोव्यातला पावसाळी सण) आणि आनंदीआनंद एवढंच पाठ असतं. पाऊस इथे पहिल्या दोन ओळींपुरताच आहे.

त्याऐवजी असं करून घ्या. पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय. दुसऱ्यात फक्त क्रियापदं अधोरेखित करायची आणि कोण काय करतंय ते बघायचं. छप्पर गळतं, भांडी पाऊस भरतो. तांब्या मात्र आजी भरते. 'स्वतः' हा शब्द तिथे उगाच नाही. तिसऱ्या वाचनात कविता कुठे वळते ते शोधायचं. तिसऱ्या ओळीला गळतीचा विषय संपतो आणि पाय धुवायचं पाणी दारात येतं. 'अजून' सांगतो की ही जुनी सवय आहे आणि येणारं कुणीतरी येत नाहीसं झालंय.

इथेच हुशार मुलं घसरतात. 'आजीचा मुलगा वारला आहे' असं लिहितात. मुलगा कुठून आला? 'आजी कुणाची तरी वाट पाहते' इथपर्यंत शब्दांचा आधार आहे, त्यापुढे नाही. वहीच्या समासात 'कुठे?' एवढंच लिहून उत्तर परत करावं. विद्यार्थ्याला आधाराची ओळ दाखवता आली नाही तर वाक्य खोडायचं. 'तांब्या हे जीवनाचे प्रतीक' यालाही तोच उपाय.

उत्तरात प्रत्येक मुद्द्याला तीन गोष्टी लागतात: विधान, कवितेतला नेमका शब्द आणि त्या शब्दाने काय साधलं. तिसरी गोष्ट हमखास गळते. प्रश्नाला वीस मिनिटं धरली तर सहा-सात वाचन-खुणांना, दोन मुद्दे ठरवायला, दहा लेखनाला, उरलेली तपासायला. आठ ओळींच्या कवितेला तीन मुद्दे पुरतात. सहा मुद्दे घेतले की प्रत्येकाला एकेक वाक्य येतं आणि उत्तर म्हणजे कवितेचं गद्य रूपांतर होतं.

प्रश्नातच अलंकार विचारला असेल तर नाव लिहावं, त्या ओळीतली लक्षणं दाखवावीत आणि पुढे जावं. ते गुण कुणी सोडा म्हणत नाही. पण 'रसग्रहण करा' म्हटल्यावर नुसतं 'येथे अनुप्रास आहे' लिहिणं हे जेवणाचं वर्णन करताना भांड्यांची यादी देण्यासारखं आहे.

शब्दसंपत्तीचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि त्यावर साचा हा चुकीचा उपाय आहे. साच्यातून 'सुंदर', 'छान', 'मनाला भिडणारी' एवढंच बाहेर येतं. मुलांना कमी पडतात ते भाव आणि सूर सांगणारे शब्द: खिन्न, व्याकूळ, आर्त, हताश, संयत, अलिप्त, मिश्किल, उपरोधिक. असे पंचवीस-तीस शब्द तीव्रतेच्या क्रमाने लावून घ्या. खिन्न आणि हताश यांतला फरक कळला की वरची कविता 'हताश' नाही हे मुलं आपसूक सांगतात. तांब्या भरणारी बाई हताश कशी? ही चर्चा वर्गात खुशाल कोंकणीत होऊ द्या. अर्थ आधी घरच्या भाषेत पक्का झाला की मराठी वाक्य लिहायला दोन मिनिटं पुरतात. दोन्ही कामं एकदम करायला लावली तर मूल गाईडमधलं वाक्य उचलतं.

साचा द्यायचाच असेल तर कोऱ्या जागा असलेला द्या: 'या ओळीतल्या ___ शब्दामुळे ___ वाटते, कारण ___.' आणि सहामाही झाली की तोही काढून घ्या.