हेन्री सातवा चालेल, आठवा नाही

नमस्कार.

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. ‘डिसेंडेड फ्रॉम’ (अमुक पूर्वजाचा वंशज असणं) या इंग्रजी प्रयोगावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. पहिला असा की ‘ही इज डिसेंडेड फ्रॉम’ हा कर्मणी प्रयोग आहे, आणि कोणी कोणाला ‘डिसेंड’ करत नसल्यामुळे तो चूक. दुसरा, साध्या ‘कम फ्रॉम’वर भागत असताना मी उगाच कीस पाडतोय.

पहिल्याचं उत्तर लहान आहे. कर्मणी असता तर पुढे ‘बाय’ लावून कर्ता सांगता आला असता. इथे लावून बघा, वाक्य उभंच राहत नाही. ‘ही इज गॉन’ म्हणताना त्याला कोणी घालवलेलं नसतं, तसंच हे. ‘ही डिसेंड्स फ्रॉम’ हेही शुद्धच आहे, फक्त माणसांच्या वंशाबद्दल बोलताना ‘इज डिसेंडेड’ जास्त कानावर पडतं.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच उदाहरणात आहे. तुम्ही लिहिलंत, ‘किंग चार्ल्स इज डिसेंडेड फ्रॉम हेन्री द एट्थ’. व्याकरण चोख, पण माहिती चूक. इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याची तीन औरस मुलं, एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ, एकामागून एक गादीवर बसली आणि तिघंही निपुत्रिक गेली. 1603 साली एलिझाबेथ वारल्यावर गादी गेली ती स्कॉटलंडच्या जेम्सकडे. कारण हेन्रीची थोरली बहीण मार्गारेट स्कॉटलंडच्या राजाला दिलेली होती आणि जेम्स तिचा पणतू. आजचे चार्ल्स त्या जेम्सच्या वंशातले. म्हणजे मार्गारेटचे वडील हेन्री सातवे हे चार्ल्स यांचे पूर्वज. आठवे नुसते नातेवाईक. (व्हिक्टोरिया राणी मात्र चार्ल्स यांची दोन्हीकडून पूर्वज लागते, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. राजघराण्यांतली लग्नं!)

‘कम फ्रॉम’ला गाव चालतं, घराणं चालतं, डॉक्टरांचं कुटुंबही चालतं. ‘डिसेंडेड फ्रॉम’ला पूर्वज लागतात, आणि त्यांच्यापासून तुमच्यापर्यंत आईबाप-मूल, आईबाप-मूल अशी न तुटलेली साखळी लागते. काका, मामा, आत्या कितीही थोर असोत, त्यांच्यापासून तुम्ही ‘डिसेंडेड’ होत नाही.

आपल्याकडे घोळ होतो कारण बोलताना ‘वारस’ आणि ‘वंशज’ आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. दुसऱ्या बाजीरावांनी 1827 मध्ये नानासाहेबांना दत्तक घेतलं. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक मुलगा हा मुलगाच, तेव्हा नानासाहेब पेशव्यांचे वारस, यात वाद नाही. इंग्रजीत त्यांना ‘एअर’ म्हणा. पण केवळ दत्तकविधानाच्या आधारावर ते ‘डिसेंडेड फ्रॉम बाळाजी विश्वनाथ’ ठरत नाहीत. कायद्याच्या कागदात दत्तकालाही ‘डिसेंडंट’ धरतात, हे तुम्ही म्हणालच. तिथे तशी व्याख्या मुद्दाम लिहिलेली असते.

आणि दोन्ही शब्दांनी भागतं म्हणता, तर मॉरिशसच्या मराठी माणसाची ओळख करून देऊन पाहा. तो ‘कम्स फ्रॉम’ मॉरिशस. पण ‘इज डिसेंडेड फ्रॉम’ म्हणाल तेव्हा पुढे यावे लागतात एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) उसाच्या मळ्यांत गेलेले कोकणातले मजूर. क्रियापदांची अदलाबदल केलीत तर निम्मी ओळख खोटी ठरेल. ‘हेल फ्रॉम’ही गावापुरतंच, विवाहाच्या बायोडेटात ‘वुई आर डिसेंडेड फ्रॉम सातारा’ असं मी खरोखर वाचलंय.

लेखाचं शीर्षक बदला असं तुम्ही सुचवलंत. ते बदलत नाही. ‘बाय’ची कसोटी मात्र मूळ लेखात नव्हती, ती आज घातली आहे.