हनुवटी पुढे, पोट आडवं

काचबिंदूची तपासणी किडकिडीत माणसाच्या मापाने बेतलेली आहे, असं माझं ठाम मत आहे. काचबिंदू म्हणजे डोळ्याची नस झिजवणारा आजार, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढून होणारा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं तो दाब मोजायचं यंत्र बघा. हनुवटीला वाटी, कपाळाला पट्टी. पोटाची मात्र काहीच सोय नाही. चवथीच्या नेवऱ्यांवर, म्हणजे करंज्यांवर, पोसलेला आम्हा गोंयकारांचा देह टेबलाला आधी भिडतो, हनुवटी मागाहून पोचते. मग मान ताणायची आणि श्वास रोखून धरायचा. घोटाळा तिथेच होतो. श्वास रोखून जोर केला की छातीतला दाब वाढतो, डोळ्यांकडून परतणारं रक्त तुंबतं आणि डोळ्यातला दाब घटकाभर चढतो. एरवी तो साधारण 10 ते 21 असतो, तोही पाऱ्याच्या मिलिमीटरांत. घट्ट कॉलरने आणखी भर.

तेव्हा लाजू नका. खुर्ची वर घ्यायला लावा, टेबल जवळ ओढायला लावा, गळ्याचं बटण सोडा, श्वास चालू ठेवा. तरीही पोट हटत नसेल, तर हातात धरून दाब मोजायचं यंत्र मिळतं. त्याला टेबल लागत नाही. डोळा थेंबाने बधिर केलेला असतो, त्यामुळे दुखत नाही. पण पापण्या आवळल्यात की आकडा पुन्हा वर!

जाड माणसांच्या डोळ्यातला दाब सरासरीने थोडा जास्त असतो, हे कबूल. म्हणून शेजारच्या काडीपैलवानाने हसायचं कारण नाही. दाब बेताचा असूनही होणाऱ्या काचबिंदूचा संबंध कमी वजनाशी आढळला आहे. एक तर्क असा: डोळ्याच्या नसेला मागून मेंदूभोवतीच्या द्रवाचा टेकू असतो आणि बारीक माणसात तो टेकूच हलका. पुढचा रेटा मात्र तेवढाच. जाड्या निदान आकड्याने पकडला तरी जातो. बारक्याचा आकडा 15 आणि नस आतल्या आत झिजतेय, असं होऊ शकतं. चाळिशीनंतर नुसता दाब मोजून उठूच नये. नस बघून घ्यावी, गरज पडली तर दृष्टिक्षेत्रही, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं तेही. नस बघायला घालतात त्या बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून स्कूटर घरी ठेवा, कदंबाच्या बसने जा.

वजन उतरवायचंच असेल तर मिरामारला चाला. तिथल्या वाळूत शीर्षासन नको. त्याने डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. आणि चालून आल्यावर लिटरभर पाणी एका दमात घटाघटा पिऊ नका. दाब मुद्दाम चढवून बघायचा असला, की डॉक्टर हेच करायला लावतात.