मुलं आहेत, पाहुणे पाहिजेत

रस्त्यावरच्या मुलांसाठी घर काढायचं म्हणताय? काढा की. फक्त सुरुवात मुलांपासून करू नका, ती चूक मी केली होती. सुरुवात संडासापासून करायची. एक कमोड, गरम पाणी, वायफाय आणि गच्चीवर वेताच्या दोन खुर्च्या. एवढं असलं की लीड्सहून, ऑस्लोहून, मेलबर्नहून माणसं पैसे भरून पंधरा दिवसांची समाजसेवा करायला यायला लागतात, आणि माणसं आली की मुलं लागतातच. मुलांचं काय, कल्याण स्टेशनवर मिळतील.

जागा विमानतळापासून दोन तासांच्या आत हवी, पण शेवटचा एक किलोमीटर रस्ता खराब हवा. गुळगुळीत डांबरावरून आलेल्या पाहुण्याला आपण भारतात पोचलो असं वाटतच नाही.

आता मुलांची निवड. खरं तर फलाटावरच्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना घराची गरज जास्त. लांब पल्ल्याची गाडी लागली की डब्यात शिरून रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, भंगारवाल्याला विकायच्या, आणि संध्याकाळी व्हाइटनर लावलेला रुमाल नाकाशी. पण ही पोरं कामाची नाहीत. कुणाला मिठी मारत नाहीत, आल्यागेल्याला शिव्या घालतात आणि आठव्या दिवशी मागच्या भिंतीवरून पसार होतात. त्यांच्यामागे वर्षानुवर्षं एकच माणूस लागावा लागतो. आपला पाहुणा तर पंधरा दिवसांनी परत जाणार. तेव्हा चार ते नऊ वयाची घ्या. लगेच कडेवर येतात.

या वयाच्या मुलांची एक अडचण असते: त्यांना आई असते. बहुधा तिथेच पुलाखाली, सिग्नलला गजरे विकत असते. घाबरू नका, ‘अनाथ’ हा शब्द आपल्या आमटीसारखा आहे, पाहुणे वाढले की पाणी वाढवायचं. कंबोडियाकडे बघा. अंगकोरवाट बघायला आलेले प्रवासी वाटेत अनाथाश्रमही बघायला लागले, तसे तिथले अनाथाश्रम वाढत गेले. नंतर चौकशी झाली तर बहुतेक ‘अनाथां’चे आई किंवा बाप जिवंत! मागणी आली की पुरवठा होतो, एवढंच.

फक्त त्या आईला बालसंगोपन योजनेबद्दल सांगू नका. मूल स्वतःजवळ ठेवून वाढवायला महाराष्ट्र सरकार महिन्याला 2250 रुपये देतं, हे तिला कळलं तर मूल कशाला सोडेल? तसं ते कळून मिळेलच असं नाही. रेशनकार्ड हवं, रहिवासी दाखला हवा, आणि पुलाखालच्या माणसाला रहिवासी म्हणायला तलाठ्यापासून नगरसेवकापर्यंत कुणी तयार नसतं. तिच्याबरोबर सरकारी कचेरीत पाच-सहा खेपा घालणारं कुणी असेल तर काम होतं. पण तिथल्या रांगेत फोटो चांगला येत नाही, उजेडच नसतो.

फोटोवरून कायदा आठवला. 2015 चा बाल न्याय कायदा फार गैरसोयीचा आहे. मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करा, संस्थेची नोंदणी करा, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय समजा. (शेवटचा! म्हणजे आपण शेवटचे.) त्यात कलम 74. मुलाची ओळख उघड करणारा फोटो छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्ही एकदा इमानदारीनं मुलांच्या चेहऱ्यांवर पिवळे हसरे गोळे चिकटवले, तर पाहुणीनं तक्रार केली की यात मी कुणाला मिठी मारली तेच कळत नाही.

पैशाचंही तसंच. 2020 पासून परदेशी देणगी आधी दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेतल्या खात्यात उतरायला हवी, आणि तिच्यातला वीस टक्क्यांपर्यंतचाच भाग कार्यालयीन खर्चाला वापरता येतो. म्हणून हुशार लोक तिला देणगी म्हणतच नाहीत. ‘राहण्या-जेवणाचा खर्च’ म्हणतात. जेवण काय, वरणभातच.

पाहुण्यांना काम मात्र द्यायला हवं, नाहीतर ते मुलांचं वजन का वाढत नाही असले प्रश्न विचारतात. एक भिंत राखून ठेवा. प्रत्येक तुकडी तिच्यावर सूर्य, फुलपाखरू आणि हातांचे ठसे काढते. तुकडी गेली की चुना मारायचा. आमची भिंत आता इतकी जाड झाली आहे की शेजारचं कपाट उघडत नाही. दुसरं काम इंग्रजी. प्रत्येक जण ‘ए’पासून सुरू करतो आणि दोन आठवड्यांत ‘पी’पर्यंत पोचतो, मग विमान. पुढचा पुन्हा ‘ए’पासून. आमच्याकडच्या एका सात वर्षांच्या मुलीच्या मते इंग्रजीत सोळाच अक्षरं आहेत.

आणि हो, पाहुण्याकडे त्याच्या देशाच्या पोलिसांचा दाखला मागू नका, अपमान वाटतो. आपण सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईकडून तो मागतो, वॉचमनकडून मागतो. पण बावीस वर्षांचा अनोळखी गोरा पाहुणा मुलांच्या खोलीत रात्री गोष्ट सांगायला बसला तर आपल्याला कृतकृत्य वाटतं. मडगावात फ्रेडी पीट्सच्या आश्रमाबद्दलही लोकांना असंच वाटत होतं, 1991 मध्ये त्याला अटक होईपर्यंत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यातही रस्त्यावरचीच मुलं होती आणि प्रेमळ ब्रिटिश काका होते. 2006 मध्ये काकांना शिक्षा झाली, 2008 मध्ये उच्च न्यायालयानं सोडलं, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा पुन्हा कायम केली. तोपर्यंत ती मुलं मिसरूड फुटून मोठी झाली होती. पण तुम्ही जुन्या गोष्टी उकरू नका, पाहुणे बिचकतात.

एका माणसाला मात्र फोटोच्या चौकटीबाहेर ठेवा: स्वयंपाकाच्या मावशी. नऊ वर्षं त्याच आहेत. कुणाला रात्री शू होते, कुणाला कांदा चालत नाही, कोण झोपेत बापाला हाक मारतं, हे एकट्या त्यांना ठाऊक. त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला आहे, कारण पगारासाठी कुणी देणगी देत नाही. भिंतीच्या रंगासाठी देतात. पाहुणे बघतात तेव्हा मुलं मावशींकडे धावू लागली तर मावशींनाच आत पाठवा.

निरोपाच्या दिवशी पहिली काही वर्षं मुलं खरंच रडतात. गाडीच्या मागे पळतात, दोन दिवस जेवत नाहीत. पुढे त्यांना सवय होते आणि गाडी सुरू झाली की वेळेवर रडतात, फाटक लागलं की थांबतात. सगळ्यात आधी सरावला तो आमचा सहा वर्षांचा एक पठ्ठ्या. नवी ताई रिक्षातून उतरून अजून पाठीवरची पिशवी काढते आहे, तोवर हा तिच्या कडेवर चढून विचारतो, “हाऊ मेनी डेज?” हे इंग्रजी त्याला कुणीही शिकवलेलं नाही. फोर्टीन म्हटलं तर तेवढ्यापुरता जीव लावतो, थ्री म्हटलं तर खाली उतरतो.

तुमच्याकडेही असा एखादा निघेल. त्याला एवढंच समजावून ठेवा की हा प्रश्न पैसे जमा झाल्यावर विचारायचा.