ह्यूस्टनचा सव्वीस पदरी वाद

आप्पा मुलाकडे ह्यूस्टनला राहून आले, तेव्हापासून डोंबिवलीच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. मुलगा खुद्द शहरात नाही, पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर केटीला राहतो. "घर म्हणजे राजवाडा," एवढं सांगून आप्पा थांबले असते तर भागलं असतं. पण पुढे म्हणाले, "मागच्या कुंपणापलीकडे किराणा दुकानाचे दिवे दिसायचे. आणि कोथिंबिरीची एक जुडी आणायची तरी सूनबाईला गाडी काढावी लागायची."

"चालत का नाही गेलात?" संजूने विचारलं.

"जाऊ कुठून? अख्ख्या कॉलनीला बाहेर पडायला एकच तोंड. वळसे घेत तिथे पोचलं की सहापदरी रस्ता, फुटपाथचा पत्ता नाही. दुकानापुढे गाड्या लावायचं मैदान, तेच दुकानापेक्षा मोठं."

बंड्याचा जुन्या गाड्यांचा धंदा. तो गप्प बसणं शक्यच नव्हतं. "लोकांना आवडतं म्हणून बांधतात ना? मोठं घर, अंगण, दाराशी गाडी. आणि ह्यूस्टनला तर झोनिंगच नाही. कुठे घरं, कुठे दुकानं, हे सरकार ठरवतच नाही. म्हणजे हे सगळं बाजाराने केलंय."

ऐकायला बिनतोड वाटतं. पण मधूकाका नगररचना खात्यातून निवृत्त झालेत, आणि अशा वेळी त्यांचा चहा निवतो.

"झोनिंग नाही, बाकीचे नियम आहेत की! 1998 पर्यंत ह्यूस्टनमध्ये एका घराला निदान 5000 चौरस फूट जमीन लागायची. मग लूप 610 या रिंगरोडच्या आत ती अट 1400 वर आणली. काय झालं? एका जुन्या बंगल्याच्या जागी तीन-तीन उंच घरं खेटून उभी राहिली, आणि विकली गेली. सगळ्यांना अंगणच हवं होतं, तर ही घेतली कोणी?"

बंड्या काही बोलायच्या आत काकांनी पार्किंग काढलं. मधले काही भाग सोडले तर दुकान, हॉटेल, फ्लॅट, काहीही बांधा. गाड्यांना जागा किती सोडायची ते पालिकेचा नियम सांगतो. बारलासुद्धा! प्यायला येणारा स्वतःची गाडी हाकत येणार, हे सरकारनेच गृहीत धरलंय. (यावर कट्ट्यावर जे विनोद झाले ते इथे छापण्यासारखे नाहीत.)

मग आला केटी फ्रीवे. आप्पांचा मुलगा रोज त्याच रस्त्याने कामाला जातो. 2008 मध्ये रुंदीकरण पुरं झालं तेव्हा, बाजूचे रस्ते धरून, काही ठिकाणी 26 पदर झाले. खर्च सुमारे 280 कोटी डॉलर. जागा कुठून मिळाली? शेजारून एम-के-टी रेल्वेची जुनी लाइन जायची, तिचे रूळ काढून. शेवटी मालगाड्याच धावायच्या म्हणा तिच्यावर. पण रूळ उखडून रस्ता, हे डोंबिवलीकराला ऐकवत नाही. आणि एवढं करून 2014 मध्ये गर्दीच्या वेळचा प्रवास 2011 पेक्षा लांबलेलाच होता.

"लोक वाढले म्हणून," बंड्या म्हणाला. "रस्ता नसता तर त्यांचं काय झालं असतं?"

"रस्ता नसता तर केटीच्या भातशेतीवर एवढ्या कॉलन्या आल्या असत्या का? रस्ता आला, म्हणून लांब घर घेणं परवडलं, म्हणून गाड्या वाढल्या. काही घरं तर बार्कर आणि अ‍ॅडिक्स धरणांच्या मागे, पाणी साठायच्या जागेतच बांधली. 2017 ला हार्वे वादळात ती बुडाली."

पैशाचंही तेच. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा 90 टक्के खर्च वॉशिंग्टनने उचलला. त्याआधी 1934 पासून घरकर्जाला सरकारी हमी मिळू लागली होती, ती काळ्यांच्या वस्त्या वगळून. याला निव्वळ बाजार कसं म्हणायचं? दुसरं काही बांधायलाच मनाई असेल, तर लोकांनी हेच पसंत केलं असं म्हणण्यात काही राम नाही.

पण बंड्याही मग दोन गोष्टी बोलला, आणि त्या खोडता आल्या नाहीत. पहिली, सॅन फ्रान्सिस्कोच्या मानाने ह्यूस्टनमध्ये साध्या नोकरदाराला घर घेता येतं. दुसरी संजूला उद्देशून: "तू रोज सकाळी लोकलला लटकतोस. उद्या तुला केटीतलं घर नि गाडी दिली, तर नको म्हणशील?" संजू म्हणाला, "विचार करीन." म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

"आप्पा, तुमचा मुलगा शहरात का नाही राहात?" मी विचारलं.

"शाळा. तिकडे पत्त्यावरून शाळा मिळते. केटीच्या शाळा चांगल्या, म्हणून केटी."

बंड्याने टाळीसाठी हात पुढे केला. मधूकाकांनी दिली नाही. "म्हणजे घराबरोबर शाळा विकत घेतली," ते म्हणाले. "रस्ता आपोआप गळ्यात पडला."

"पुढच्या वर्षी नात सोळाची होतेय," आप्पा म्हणाले. "लायसन्स मिळेल. मग तिची वेगळी गाडी. माणसं चार, गाड्या तीन."

"आणि तुम्ही गेलात की?"

"मी काय, मागच्या सीटवर."

बंड्याने लगेच विचारलं, कुठली गाडी घेणार आहेत ते ठरलंय का.