लेडीज खिडकी

कुठलीही जुनी टॉकीज बंद पडली की फेसबुकवर तीन दिवस सुतक असतं. शिट्ट्या, पडद्यावर उधळलेली चिल्लर, 'दस का बीस' करणारा ब्लॅकवाला, कॉलेज बुडवून पाहिलेला मॅटिनी. मी अशा पोस्टी आवडीने वाचते आणि दरवेळी मोजते, की हळहळणाऱ्यांत बायका किती? एका हाताची बोटंही भरत नाहीत. कारण सांगते.

मी सोलापूरची. आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत एक अक्का राहायची, विडी कामगार. सकाळी कारखान्यात विड्या जमा करायच्या, विडीचा तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन यायचं आणि मांडीवर सूप घेऊन दिवे लागेपर्यंत विड्या वळायच्या. घरात तेलुगू, वाड्यात मराठी, भांडताना हिंदी. शौक एकच, पिच्चर. कुठल्याही भाषेतला चालायचा.

आणि सोलापुरात पिच्चरला काय कमी होती! गिरण्यांचं गाव, हातात रोख पगार. भागवत टॉकीजच्या एका आवारात तर थिएटराला लागून थिएटर. मल्टिप्लेक्स हा शब्द गावात यायच्या कितीतरी आधी आम्ही 'याचं तिकीट नाही मिळालं तर त्याचं काढू' करत होतो.

अक्का कधी एकटी जायची नाही. चार-पाच जणी आणि शेपटासारखी मी. पुरुषांची रांग गेटाबाहेर रस्त्यावर गेलेली असायची, लेडीज खिडकीवर मात्र पाच मिनिटांत काम. त्यामुळे गल्लीतली पोरं "अक्का, दोन काढा की" करत मागे लागायची. अक्का काढून द्यायची, पण पोरांनी नेमकं आमच्या मागच्या रांगेत बसायचं या अटीवर. लहानपणी मला वाटायचं, अक्काचा पोरांवर जीव आहे. मागे ओळखीची पोरं बसली की खुर्चीच्या फटीतून अनोळखी पाय आणि हात येत नाहीत, हा हिशोब मला वयात आल्यावर कळला. आणि अक्काच्या पदराला कायम चार सेफ्टी पिना का असायच्या, तेही. एकदा अंधारात मागून कुणीतरी जोरात "आई गं" ओरडलं, तेव्हा अक्काने पडद्यावरची नजरही काढली नव्हती.

बाथरूमबद्दल थोडक्यात लिहिते, कारण जेवता जेवता वाचणारे असतात. दार असेल तर कडी नाही, कडी असेल तर पाणी नाही. आम्ही दुपारपासून पाणीच प्यायचो नाही. तीन तासांचा पिच्चर तसाच काढायचा. वर खुर्चीतले ढेकूण.

तर माझ्यासारख्या बायकांनी टॉकीज सोडली ती काही पॉपकॉर्नच्या मोहाने नाही. घरात केबल आली, आतून कडी लागणाऱ्या दारामागे पिच्चर बघायची सोय झाली, आम्ही तिकडे गेलो. मग शहरात मल्टिप्लेक्स आलं आणि पस्तिशीत मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी सिनेमाला गेले. पिन न लावता. त्या दिवशी काय वाटलं, ते बाल्कनीच्या आठवणी काढणाऱ्या माझ्या मित्रांना समजावून सांगता येत नाही.

'सिंगल स्क्रीनने, म्हणजे या जुन्या एकपडदा टॉकीजनी, मराठी सिनेमा जगवला' हेही जरा जपून म्हणा. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूर टॉकीजला दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' लागावा म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं होतं. समोर देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' होता. थिएटर मिळत नाही ही रड तेव्हाही होतीच. मराठी सिनेमा जगवला असेल तर 'माहेरची साडी'ला रुमाल घेऊन गेलेल्या बायकांनी. हो, त्याच, पाणी न पिता बसलेल्या.

इथपर्यंत वाचून मी मल्टिप्लेक्सच्या बाजूची आहे असं वाटलं असेल, तर थांबा.

मागच्या वर्षी अक्काला घेऊन गेले. आता सत्तरीची आहे. दारात पिशवी तपासली. आत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याची बाटली. सगळं बाहेर ठेवायला लावलं. पोरगा वाईट बोलला नाही, "आजी, अलाऊड नाही" एवढंच. अक्काने डबा काउंटरवर ठेवला आणि वळून वळून बघत राहिली, कुणी उचलतं का. आत बसल्यावर मला विचारलं, तिकीट केवढ्याचं? मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हजार विड्या." दिवसभराचं काम. इंटरव्हलच्या पॉपकॉर्नच्या विड्या मी तिला मोजूच दिल्या नाहीत.

हे आपोआप झालेलं नाही. २००१ च्या सुमारास आपल्या सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात भरघोस सूट दिली. शेजारची जुनी टॉकीज मात्र कर भरत, आठशे-हजार खुर्च्यांचा पसारा सांभाळत बसली. खुर्च्या बदलायच्या, एसी बसवायचा, बाथरूम बांधायचं, तर पैसा कुठून? त्यात थिएटरच्या जागेवर नवं काही उभारायचं तर त्यात थिएटर ठेवावं लागतं. म्हणजे धड चालवता येत नाही आणि धड मोडताही येत नाही. मग कुलूप. उरलीसुरली करोनाने घालवली, मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ मधले जेमतेम पाच महिने पडदे उघडे होते, तेही निम्म्या खुर्च्यांवर.

सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आणला. चांगलं केलं. पण शनिवारी संध्याकाळी शंभराचं तिकीट आहे कुठे? त्याच महिन्यात कर्नाटकाने दोनशेच्या वर तिकीट नाही असा नियम काढला, तो हायकोर्टात अडकला.

माझं मागणं फार नाही. तीनशे खुर्च्यांचा साधा हॉल, ऐंशी-शंभराचं तिकीट, कडी लागणारं बाथरूम, आणि डबा आत नेऊ द्या. कर माफ करायचाच असेल तर अशांचा करा. रिक्लायनर नको, अक्काचे त्यात पायच टेकत नव्हते.

दिवाळीत गेले तेव्हा अक्का अजूनही वळतच होती, आता जमेल तेवढ्या. मांडीवर सूप, तंबाखूच्या डब्याला टेकवून नातवाचा मोबाइल, त्यावर कुठलासा तेलुगू पिच्चर. मी म्हटलं, "अक्का, एवढ्याशा पडद्यावर काय दिसतं?"

"दिसतंय की," म्हणाली. मग पिच्चर थांबवला, उठून आत जाऊन आली, आणि पुन्हा सुरू केला.